थंडीत फोटो काढताना हात गरम ठेवायचे असतील, तर हातमोजा मोकळा घ्या
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दिवाळी सरली की आमच्याकडे मोठ्या लेन्स भाड्याने न्यायला येणाऱ्यांमध्ये स्पिती आणि लडाखची मंडळी वाढतात. कुणी हिमबिबट्यासाठी किब्बरला निघालेलं असतं, कुणी रुंबकला, कुणी उल्लेला. जानेवारी ते मार्च हा तिथला खरा हंगाम, आणि हाच काळ हाडं गोठवणारा. लेन्स, ट्रायपॉड, जादा बॅटऱ्या सगळं ठरलं, की निघता निघता प्रश्न येतो, ‘हातांसाठी काय घेऊ?’ परत आल्यावरच्या तक्रारीही ठरलेल्या: ‘हातमोजे होते, तरी बोटं बधिर झाली’ किंवा ‘तुमची गरम होणारी पाकिटं गरमच झाली नाहीत.’

या दोन्ही तक्रारींची तपासणी करायला बसलं, की बहुतेक वेळा कारण एकच निघतं. हातमोजा घट्ट घेतलेला असतो. यापायी ग्राहकाची सहल बिघडते आणि आमचा बदलाबदलीत वेळ जातो, म्हणून हे पत्रक.

घट्ट का नको

घट्ट मागण्यामागचं कारण आम्हाला समजतं. बटण कळलं पाहिजे, डायल फिरला पाहिजे, शटरवर बोट अलगद टेकलं पाहिजे. दुकानात पंख्याखाली घालून बघितला, की हाताला चपखल बसलेला हातमोजा छानच वाटतो. पण ऊब कापडात नसते. कापड आणि कातडी यांच्यामध्ये जी हवा अडकून राहते, ती ऊब धरते. बोटाचं टोक शिवणीला टेकलं, की तिथली हवा गेली, आणि बाहेरची थंडी सरळ नखापर्यंत आली.

दुसरं कारण रक्ताचं. अंगाला गारठा जाणवला, की शरीर आधी छाती-पोटातली ऊब सांभाळतं आणि हातापायांच्या कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं. बोटं बारीक, त्यामुळे त्यांतून उष्णता भराभर बाहेर जाते. त्यात तुम्ही कॅमेऱ्याची ग्रिप आवळून धरलेली, वरून घट्ट मोजा आणि मनगटाला कसलेलं इलॅस्टिक. रक्त पोहोचणार कुठून? म्हणून महागातला महाग हातमोजासुद्धा एक नंबर लहान घेतला, तर फुकट जातो.

मापाची पद्धत सोपी आहे. अंगठा सोडून तळहाताच्या सगळ्यांत रुंद भागाभोवती, म्हणजे बोटांच्या मुळाच्या हाडांवरून, शिंप्याची टेप फिरवा. आठ इंच आले तर साधारण आठ नंबर. हा झाला आतल्या पातळ मोज्याचा नंबर. बाहेरचा मोजा त्याच्यावर बसायचा आहे, त्यामुळे तो निदान एक नंबर मोठा हवा. आतला मोजा घालूनच बाहेरचा घालून बघा, मूठ वळा, मग बोटं सरळ करा. मूठ वळताना बोटांच्या टोकांवर ताण आला, तर तो परत ठेवा. बोटं सरळ केल्यावर टोकाशी थोडं रिकामं कापड चिमटीत आलं पाहिजे.

एक जाड मोजा नको, दोन थर हवेत

‘एकच जाड, चांगला द्या’ अशी मागणी असते. आम्ही तो विकतो, पण फोटोग्राफीसाठी सुचवत नाही. जाड मोज्यात शटर दाबता येत नाही, म्हणून माणूस तो काढतो आणि उघडा हात कॅमेऱ्याच्या थंडगार मॅग्नेशियमच्या बॉडीवर ठेवतो. धातू हातातली ऊब झपाट्याने ओढून घेतो. असं दोन-चारदा झालं, की पुढे मोजा घालूनही हात लवकर सावरत नाही.

त्यापेक्षा आत मेरिनो लोकरीचा किंवा सिंथेटिक पातळ मोजा, जो दिवसभर हातातून निघणार नाही, आणि त्यावर वारा अडवणारं मिटन, म्हणजे चारही बोटं एकाच पिशवीत राहतात तो मोजा. बोटं एकमेकांना चिकटून राहिली, की एकमेकांना ऊब देतात, म्हणून पाच बोटांच्या मोज्यापेक्षा मिटन नेहमीच जास्त गरम. ज्याचा वरचा भाग उलटून मागे दुमडता येतो असं मिटन घ्या. प्राणी दिसला, की टोपण मागे, चार-सहा फ्रेम, टोपण पुढे. आतला सुती मोजा मात्र घेऊ नका. चढावर हाताला घाम येतो, सूत तो धरून ठेवतं आणि थांबल्यावर ओल्या कापडानेच हात गारठतो.

इथे एक बारीक गोष्ट, जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. शटर दाबतो तो उजवा हात. डावा हात लेन्सखाली नुसता आधाराला असतो किंवा ट्रायपॉडवरच्या लेन्सवर टेकलेला असतो. त्याचं टोपण उघडायचं कारणच नाही. झूम रिंग मिटनमधूनही फिरते. मग दोनऐवजी एकाच हाताची काळजी उरते.

मिटनला मनगटाची दोरी लावून घ्या, शाळकरी पोरांच्या मोज्यांना आई लावते तशी. किब्बर सुमारे ४२०० मीटरवर आहे, कड्यावर वारा असतो. तिथे उडालेलं मिटन दरीतून कुणी आणून देत नाही. आमच्याकडच्या भाड्याच्या मिटनला दोरी असतेच. कृपया ती काढू नका.

गरम होणारी पाकिटं: फेकण्याआधी हे बघा

या पाकिटांत लोखंडाची बारीक पूड, मीठ, थोडं पाणी, कोळशाची पूड असं मिश्रण असतं. वरचं प्लॅस्टिक फाडलं, की हवेतला ऑक्सिजन लागून लोखंड गंजायला लागतं आणि त्या गंजण्यातून उष्णता निघते. म्हणजे पाकिटाचं इंधन हवा आहे. घट्ट मोज्यात, तळहाताखाली चेपून ठेवलं, तर त्याला हवाच मिळत नाही आणि ते थंड पडतं. ‘खराब निघालं’ म्हणून परत आलेली पाकिटं आम्ही टेबलावर मोकळी ठेवून बघतो. त्यातली बरीचशी थोड्या वेळात पुन्हा गरम होतात.

उंचीचाही भाग आहे. किब्बरच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असतो, त्यामुळे पाकीट इथल्यापेक्षा सावकाश तापतं आणि कमी तापतं. म्हणून ते निघण्याच्या अर्धा तास आधी, खोलीतच उघडा. हलवा, जॅकेटच्या खिशात मोकळं राहू द्या, आणि तापल्यावरच मोज्यात ठेवा. बोटं बधिर झाल्यावर पाकीट फोडणं म्हणजे उशीर.

जागा कुठली? तळहातात ठेवलं तर ग्रिप धरता येत नाही. हाताच्या पाठीवर, आतला मोजा आणि मिटन यांच्यामध्ये ठेवा. आणखी चांगली जागा म्हणजे मनगटाची आतली बाजू. तिथे रक्तवाहिन्या वरच असतात आणि बोटांकडे जाणारं रक्त तिथूनच जातं. उघड्या कातडीवर मात्र कधीच ठेवू नका. पाकीट चांगलंच तापतं आणि बधिर कातडीला चटका बसलेला कळत नाही. काम झालं, की हवाबंद झिप पिशवीत दाबून हवा काढून ठेवा. गंजणं थांबतं आणि उरलेली ऊब दुसऱ्या दिवशी वापरता येते. अशा पिशव्या आम्ही पाकिटांबरोबर देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत.

बॅटरीवर तापणारे मोजे आणि चार्ज होणारे वॉर्मर यांची विचारणा वाढली आहे. चांगले आहेत, पण थंडीत त्यांचीही बॅटरी कॅमेऱ्याच्या बॅटरीसारखीच लवकर उतरते, आणि होमस्टेमध्ये चार्जिंगला रांग असते. हे एकमेव साधन म्हणून नेऊ नका. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात, चेक-इनमध्ये चालत नाहीत.

हात उघडा राहण्याची वेळ कमी करा

हे विकत घ्यावं लागत नाही. ऑटो आयएसओ, फोकस मोड, बर्फासाठीचं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन हे सगळं रात्री बुखारीशेजारी (खोली तापवायच्या शेगडीशेजारी) बसून ठरवा आणि कस्टम मोडवर टाकून ठेवा. मोठं मेमरी कार्ड सकाळीच घाला, कारण हातमोज्यातून कार्ड बदलणं हे बर्फात कार्ड पाडण्याचं काम आहे. टचस्क्रीनवर विसंबू नका. बटणांची सवय घरीच, आतला मोजा घालून करा. ट्रायपॉड ॲल्युमिनियमचा असेल, तर वरच्या पायांना फोमची नळी किंवा क्रिकेटच्या बॅटची ग्रिप चढवा. कार्बन फायबरचा असेल तर एवढा त्रास नाही. कार्बनचे ट्रायपॉड आमच्याकडे भाड्याने आहेत, आणि खांद्यावरचं ओझंही कमी होतं.

आणखी एक: हात गार पडतात तेव्हा दोष बऱ्याचदा अंगावरच्या कपड्यांचा असतो. छाती, मान आणि मनगट उबदार असतील तरच शरीर बोटांना रक्त सोडतं. तासन्‌तास एका जागी उभं राहायचं असेल, तर ट्रेकला घालता त्याहून एक थर जास्त लागतो.

ताडोबाला एवढं सगळं लागतं का?

नाही. डिसेंबरातल्या पहाटे ताडोबात पारा दहाच्या आसपास असतो, पण उघड्या जिप्सीत वारा अंगावर येतो आणि प्रत्यक्षात त्याहून गार वाटतं. तिथे, भिगवणच्या होडीत आणि भरतपूरच्या धुक्यात पातळ मोजा आणि वारा अडवणारा साधा बाहेरचा मोजा पुरतो. तेवढ्यासाठी महागडं मिटन घेऊ नका. लडाखचं गणित वेगळं: उणे दहा तापमानात ताशी तीस किलोमीटर वारा असला, तर उघड्या कातडीला ते उणे वीससारखं लागतं.

बोटं बधिर झाली तर

झोंबणं, दुखणं ही सूचना आहे. तेव्हाच कॅमेरा खाली ठेवा आणि हात काखेत घाला. दुखणं थांबून बोट पांढरं किंवा मेणासारखं दिसायला लागलं, तर ते बरं झाल्याचं लक्षण नाही. बर्फाने चोळू नका. बुखारीवर किंवा शेकोटीवर धरू नका, भाजलं तरी कळणार नाही. आडोशाला या. कोमट, म्हणजे अंगाच्या तापमानाएवढ्या पाण्यात हात ठेवा, आणि पुन्हा गारठण्याची शक्यता असेल तर अर्धवट वितळवत बसू नका. लवकर डॉक्टर गाठा. मधुमेह असेल, थंडीत बोटं पांढरी पडण्याचा जुना त्रास असेल किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारा. सिगारेटने रक्तवाहिन्या आणखी आकसतात, हेही मित्रांना सांगा.

आमच्या पद्धतीबद्दल

मिटन आम्ही भाड्याने देतो, आतले पातळ मोजे देत नाही आणि वापरलेले परत घेत नाही. ते घामाच्या कातडीला लागतात, दुसऱ्याच्या हातात घालणं योग्य नाही. भाड्याने नेलेलं मिटन आवडलं आणि नवं विकत घेतलं, तर भरलेलं भाडं किमतीतून वजा करतो. वरचं प्लॅस्टिक फाडलेली पाकिटं बदलून मिळत नाहीत, कारण ती एकदा हवेला लागली की संपायला लागतात.

हातमोजा घालून, स्वतःचा कॅमेरा हातात घेऊन चाचणी केल्याशिवाय आम्ही थंडीचा संच देत नाही, यावर काही जण रागावतात. त्यांची घाई आम्हाला कळते. पण स्पितीतल्या काझाला पोहोचल्यावर मोजा लहान निघाला, तर तिथे बदलून देणारं कुणी नाही, आणि त्या सहलीसाठी तुम्ही वर्षभर पैसे साठवलेले असतात. चाचणीत फक्त तीन गोष्टी करून घेतो: शटर अर्धं दाबून फोकस धरणं, पुढचा डायल एकेक खाच फिरवणं, आणि बॅटरी काढून परत घालणं. अर्धा तास लागतो.

त्यासाठी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी न येता निदान आठवडाभर आधी या, म्हणजे तुमच्या मापाचं मिटन दुसरीकडे गेलेलं असलं तरी मागवता येतं. येताना तुमची कॅमेरा बॉडी, नेहमीची लेन्स आणि तिथे घालणार असाल ते जॅकेट बरोबर आणा. बाहीची पट्टी आणि मिटनचं मनगट एकमेकांवर बसतात की मध्ये कातडी उघडी राहते, ते जॅकेट अंगावर असल्याशिवाय बघता येत नाही.