कुत्र्याच्या तोंडाला वास येतोय? आधी ओठ उचलून हिरडी बघा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या कुत्र्यांच्या सामानाच्या दुकानात बरेच जण एकच मागणी घेऊन येतात: "तोंडाला लई वास मारतोय ओ, काहीतरी स्प्रे द्या." स्प्रे आमच्याकडे आहे. पण तो देण्याआधी आम्ही कुत्र्याचा वरचा ओठ उचलून मागची मोठी दाढ बघायला सांगतो. कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, असं अनेकांना वाटतं. ते खरं नाही. निरोगी तोंडाला फारसा वास नसतो. वास येतोय म्हणजे बहुधा हिरडीचं दुखणं सुरू झालंय, आणि स्प्रेने ते फक्त झाकलं जातं.

वास येतो कुठून

दात कितीही स्वच्छ केले तरी काही तासांतच त्यांवर जंतूंचा पातळ, चिकट थर बसतो. हा थर नुसत्या कापडानेही पुसून निघतो. तसाच राहिला, तर लाळेतल्या क्षारांमुळे दोन-तीन दिवसांत टणक व्हायला लागतो आणि त्याचं पिवळं-तपकिरी किटण होतं. कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा अल्कधर्मी असते. त्यामुळे त्याच्या दातांना कीड कमी लागते, पण किटण पटापट चढतं. किटण खरखरीत असल्याने त्यावर नवा थर आणखी सहज बसतो आणि हळूहळू हिरडीच्या खाली सरकतो. तिथे हवा पोहोचत नाही. अशा जागी वाढणारे जंतू गंधकाचे वायू सोडतात, त्यांचा हा वास.

सुरुवातीला हिरडीची कड लाल होते, सुजते, घासताना रक्त येतं. या टप्प्यावर स्वच्छता सुरू केली तर हिरडी पूर्ण बरी होते. पुढे दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागलं, की ते आपोआप भरून येत नाही. दात हलतात आणि पडतात. आणि एवढं दुखत असूनही कुत्रं जेवण सोडत नाही, म्हणून घरच्यांना फार उशिरा कळतं. एकाच बाजूने चावणं, खाताना घास खाली पडणं, तोंडाला हात लावू न देणं, खेळण्यावर रक्ताचा डाग, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांकडे जा.

पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला 42 दात असतात. पॉमेरेनियन, पग, शिह त्झू यांच्या इवल्याशा जबड्यातही तितकेच दाटीवाटीने बसतात, म्हणून ही कुत्री जास्त जपावी लागतात.

रोज दोन मिनिटं

किटण होण्याआधी थर पुसून काढणं, एवढंच काम आहे. म्हणून ब्रश रोज हवा, फार तर एका दिवसाआड. रविवारी अंघोळीबरोबर एकदाच घासला, तर मधल्या दिवसांत थर कधीच टणक झालेला असतो.

पहिल्याच दिवशी तोंडात ब्रश घालू नका. सुरुवातीचे काही दिवस फक्त ओठ उचला, दाताला बोट लावा, लगेच खाऊ द्या. मग बोटाला गॉज किंवा स्वच्छ सुती कापड गुंडाळून पुसा. ते जमलं की कुत्र्याची पेस्ट बोटावर चाटायला द्या आणि त्यानंतर ब्रश आणा. कुणाला चार दिवस लागतात, कुणाला महिना. दाबून धरून केलं तर कुत्रं ब्रश बघताच पलंगाखाली जाऊन बसेल, आणि मग पुढचं सगळं अवघड होतं.

जबडा उघडायची गरज नाही. तोंड मिटलेलंच ठेवा, गालाचा भाग उचला, ब्रश दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे तिरपा टेकवा आणि छोट्या गोल हालचालींनी घासा. वरच्या मागच्या मोठ्या दाढेपासून सुरुवात करा. लाळेची वाट तिथेच उघडते, त्यामुळे सगळ्यात जाड किटण त्याच दाढेच्या बाहेरच्या बाजूला चढतं. मग सुळे, मग पुढचे दात. आतली बाजू जीभ बऱ्यापैकी साफ ठेवते, ती राहिली तरी चालेल. कारवानी कुत्र्याचं तोंड लांबट असतं, त्याच्यासाठी लांब दांड्याचा ब्रश घ्या, बोटात घालायचा ब्रश मागच्या दाढेपर्यंत नीट पोहोचत नाही.

पिल्लू असेल तर ओठ उचलायची सवय आत्तापासून लावा. साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत दुधाचे दात पडून पक्के येतात. त्या काळात हिरड्या दुखतात, तेव्हा घासायचा हट्ट नको. दुधाचा सुळा न पडता पक्क्या सुळ्याशेजारी तसाच उभा दिसला, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. दोन दातांच्या फटीत घाण अडकते आणि पक्का दातही वाकडा येतो.

काय लावायचं नाही

आपली टूथपेस्ट अजिबात नाही. कुत्र्याला चूळ भरता येत नाही, सगळं पोटात जातं. आपल्या पेस्टमधलं फ्लोराइड त्याला बाधतं आणि काहींमध्ये झायलिटॉल नावाचा गोडवा असतो. त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर थोड्या वेळात धोकादायक इतकी खाली येते, यकृतही निकामी होऊ शकतं. मशेरी तर बोटानेही लावू नका. ती भाजलेली तंबाखू आहे आणि निकोटीन कुत्र्याला विष आहे. मीठ, खायचा सोडा हेही नको. कुत्र्यांची पेस्ट गिळली तरी चालेल अशी बनवलेली असते, चिकनच्या चवीची मिळते. वाटाण्याएवढी पुरते. पेस्ट परवडत नसेल तर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या ब्रशने घासा. खरं काम घासण्याचं आहे, पेस्टचं नाही, आणि हे आम्ही पेस्ट विकत असूनही सांगतो.

मटणाची हाडं

कोल्हापुरात हा विषय टाळून चालणार नाही. रविवारी घरोघरी मटण शिजतं आणि नळ्या कुत्र्याच्या वाट्याला येतात. "हाडाने दात साफ होतात" असं प्रेमाने सांगणारे पुष्कळ आहेत. शिजलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या कपच्या हिरडीत, घशात, आतड्यात रुततात. शिवाय जाड नळी चावताना त्याच मागच्या मोठ्या दाढेची कपची उडते, आतली नस उघडी पडते आणि मुळाशी पू होतो. डोळ्याच्या खाली गालावर अचानक सूज आली, तर कारण अनेकदा हेच निघतं. लोक डोळ्याचे थेंब घालत बसतात. हाडाला चिकटलेला रस्सा वेगळाच धोका आहे, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. आपला कांदा-लसूण मसाला त्याच्या ताटलीपासून दूर ठेवा.

चघळायला काही द्यायचंच असेल, तर वस्तूवर अंगठ्याचं नख दाबून बघा. नख जरासुद्धा रुतत नसेल तर ती दाताला जड आहे. शिंगं, खूर याच यादीत येतात. दातांसाठी मिळणाऱ्या चघळकांड्या मऊ असतात आणि थोडी मदत करतात, पण त्यांनी ब्रशची जागा भरत नाही. पॅकेटवर वजनाप्रमाणे आकार लिहिलेला असतो, तो बघूनच घ्या आणि चघळत असताना जवळ थांबा.

आम्ही किटण खरवडून देत नाही

ग्रूमिंगला आणलेल्या कुत्र्याचे दात "जरा खरवडून द्या" अशी विनंती होते. आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. जागेपणी खरवडल्याने दिसणारा भाग पांढरा होतो, हिरडीखालचं किटण तसंच राहतं, आणि आजार तिथेच असतो. वर दातावर ओरखडे उठतात, त्यात घाण आणखी लवकर धरते. कुत्रं हललं तर हत्यार हिरडीत घुसतं. चढलेलं किटण पशुवैद्यांनीच भूल देऊन काढायला हवं. ते आधी रक्त तपासतात, मग यंत्राने हिरडीच्या वर-खाली साफ करतात, एक्स-रे काढून मुळं बघतात आणि शेवटी दात गुळगुळीत घासून देतात. भुलेची भीती वाटणं साहजिक आहे. ती डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, कुत्र्याचं वय आणि तब्येत बघून ते निर्णय घेतील. जखम भरल्यावर ते सांगतील त्या दिवसापासून रोजचा ब्रश सुरू करा.

दात स्वच्छ असूनही वास येत असेल, तर ब्रशवर थांबू नका. अमोनियासारखा वास मूत्रपिंडाच्या आजारात येतो, पिकलेल्या फळासारखा गोडसर वास मधुमेहात येऊ शकतो. टाळूला काटकी अडकलेली असते, कधी तोंडात गाठ असते. हिरड्या पांढुरक्या पडल्या असतील किंवा उगाच रक्त येत असेल, तर गोचिडांमुळे होणाऱ्या तापाची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

ब्रश आमच्याकडून घ्या किंवा दुसरीकडून, घासायचा कसा ते आम्ही तुमच्याच कुत्र्यावर, तुमच्याच हाताने करवून दाखवतो. त्याचे पैसे नाहीत. दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा या. येताना लसीकरणाचं कार्ड आणि त्याचा आवडता खाऊ सोबत आणा.