आधी वही, मग बर्फ

बायोहॅकिंगच्या हौसेपायी बर्फाच्या पाण्यात बसायचं, तर शंभर लिटर पाणी २४ अंश सेल्सिअसवरून १५ अंशांवर आणायला साधारण साडेनऊ किलो बर्फ लागतो. हिशोब शाळेतलाच आहे. पाण्यातून ३,७०० किलोज्यूलहून थोडी जास्त उष्णता काढून घ्यायची आणि शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळून १५ अंशांवर येईपर्यंत सुमारे ३९७ किलोज्यूल शोषतो. घरच्या फ्रीजमधल्या दोन ट्रे रिकाम्या केल्या तरी जेमतेम अर्धा किलो बर्फ निघतो, त्यामुळे बाथरूममध्ये ड्रम मांडून बसलेल्याच्या पदरी नुसतं कोमट नसलेलं पाणी पडतं.

बायोहॅकिंग म्हटलं की हा ड्रम डोळ्यांसमोर येतो, नाहीतर दंडावर चिकटवलेला शुगरचा सेन्सर, नाहीतर गोळ्यांच्या बाटल्यांची रांग. शब्द नवा असला तरी गोष्ट साधी आहे: रोजच्या वागण्यात एक छोटा बदल करायचा, परिणाम मोजायचा, फायदा दिसला तर तो बदल ठेवायचा. यातलं मधलं काम, म्हणजे मोजणं, बहुतेकजण गाळतात. मग उरते ती नुसती खरेदी.

म्हणून सुरुवात वहीपासून. पहिले १४ दिवस काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. दिवे मालवले ती वेळ, जाग आली ती वेळ, अंथरुणातून उठण्याआधी पूर्ण ६० सेकंद मोजलेली नाडी, दुपारी चार वाजताची मरगळ १ ते ५ मध्ये आणि रात्री मनाची अवस्था १ ते ५ मध्ये. पाच रकाने पुरतात. बारा आखले की चौथ्या दिवशी वही बंद पडते. चौदाच दिवस का, तर त्यात दोन शनिवार-रविवार येतात आणि बहुतेकांची झोप तिथेच फिसकटते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. माणूस उपाय सुरू करतो तो त्याच्या सगळ्यात वाईट आठवड्यात. पुढचा आठवडा बरा जाणार असतोच, श्रेय मात्र पावडरीला मिळतं. आधीचे १४ दिवस कागदावर असले तर ही फसगत बरीच कमी होते. त्यानंतर एकच बदल १४ दिवस, मग १४ दिवस तो बंद, मग पुन्हा चालू. आकडे दोन्ही वेळा त्याच दिशेने हलले तरच त्यात तथ्य आहे असं धरावं. पहाटे उठणं, चहा सोडणं आणि अश्वगंधा एकाच सोमवारी सुरू केलं, तर कशाने काय झालं हे कुणालाच सांगता येणार नाही.

मनगटावरचं घड्याळ वहीला मदत करतं, पण त्याचं सगळं ऐकू नये. ते हिरवा प्रकाश कातडीवर टाकून रक्ताची ये-जा टिपतं. शांत बसलेलं असताना नाडी बऱ्यापैकी बरोबर देतं आणि एकूण झोप किती झाली हेही ठीक सांगतं. गाढ झोप, स्वप्नांची झोप अशी वाटणी मात्र हालचाल आणि नाडीवरून बांधलेला अंदाज असतो. ती खरी मोजायची तर डोक्याला इलेक्ट्रोड लावावे लागतात. घड्याळाने ‘गाढ झोप कमी’ म्हटलं म्हणून दिवसभर मरगळलेले लोक खूप आहेत. या काळजीला झोपेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ असं नावही दिलं.

पहिला बदल कोणता करावा? आमचं मत ठाम आहे: सकाळचा उजेड. फुकट आहे आणि बाकीच्या अनेक गोष्टी त्याच्यावर बेतलेल्या आहेत. मेंदूत डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या थोडं वर शरीराचं मुख्य घड्याळ बसलेलं असतं. पेशींमधलं हे घड्याळ जनुकांच्या पातळीवर कसं चालतं हे उलगडल्याबद्दल हॉल, रोसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. माणसाच्या या घड्याळाचा फेरा सरासरी २४ तासांहून किंचित मोठा असतो. रोज सकाळी त्याला पुढे ढकललं नाही तर ते थोडं थोडं मागे पडत जातं. ढकलण्याचं काम डोळ्याच्या पडद्यावरच्या काही खास पेशी करतात, आणि त्यांना निळसर, भरपूर उजेड लागतो.

भरपूर म्हणजे किती? मोबाइलवर लक्स, म्हणजे उजेडाचं एकक, मोजणारं एखादं अ‍ॅप घ्या. आकडा तंतोतंत नसेल, पण तुलना कळते. ट्यूबलाइटच्या खोलीत २००-३०० लक्स दिसतील, ढगाळ दिवशी गच्चीवर काही हजार, आणि भर उन्हात लाखाच्या आसपास. आपल्या डोळ्यांना खोली ‘चांगली उजेडाची’ वाटते, कारण बाहुली लहान-मोठी होऊन आणि मेंदू जुळवून घेऊन हा फरक झाकतात. शरीराच्या घड्याळाला तो झाकता येत नाही. म्हणून उठल्यापासून तासाभरात २० ते ३० मिनिटं बाहेर. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असेल तर पाऊण तास. सूर्याकडे टक लावून पाहायचं नाही, गॉगल घालायचा नाही, नंबरचा चष्मा चालतो. खिडकीच्या आत बसून पेपर वाचणं त्यात मोजू नका. खिडकीपासून दोन हात आत सरकलं की उजेड झपाट्याने उतरतो. दोन इमारतींच्या सांध्यात अडकलेल्या फ्लॅटची बाल्कनीही कधीकधी फसवी निघते, तिथला आकडा एकदा पाहून घ्या.

इथे एक चूक उत्साही लोक नेमकी करतात. रात्री तीनला झोपून दहाला उठणारा माणूस निश्चय करतो आणि दुसऱ्याच दिवशी साडेपाचला पुण्यातली वेताळ टेकडी चढायला निघतो. शरीराचं तापमान नेहमीच्या जाग येण्याच्या वेळेआधी साधारण दोन तास सर्वात खाली असतं. त्या बिंदूनंतरचा उजेड घड्याळ पुढे ढकलतो, त्याआधीचा मागे खेचतो. दहाला उठणाऱ्याचा तो बिंदू आठच्या सुमाराला येतो. साडेसहाचा उजेड त्याला आणखी उशिराकडे नेतो, आणि चार दिवसांत ‘मला सकाळ मानवत नाही’ असा निष्कर्ष निघतो. उपाय कंटाळवाणा आहे: दर तीन-चार दिवसांनी उठण्याची वेळ अर्धा तास अलीकडे आणायची आणि उठल्यावरच उजेडात जायचं. हिंजवडी-खराडीत रात्रपाळी करून सकाळी परतणाऱ्यांचं गणित उलटं: त्यांनी घरी येताना कॅबमध्ये गडद चष्मा लावावा आणि झोपायची खोली जाड पडद्यांनी काळोखी करावी. दुचाकीवर मात्र हा प्रयोग नको. जागरणाने आधीच पेंगुळलेल्या डोळ्यांना त्या वेळी उजेडाची गरज असते.

उजेडाखालोखाल चहा. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेचा भार वाढवतं. कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं, भार कमी करत नाही. १५० मिलिलीटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, फिल्टर कॉफीत ८० ते १२०. निम्मं कॅफिन उतरायला सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला ऑफिसमध्ये घेतलेल्या शंभर मिलिग्रॅमपैकी रात्री अकराला पन्नास शिल्लक असतात. संततिनियमनाच्या गोळ्या चालू असतील तर हा काळ जवळपास दुप्पट होतो, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याहूनही वाढतो. ‘मला चहाने काही होत नाही, पडल्या पडल्या झोप लागते’ म्हणणाऱ्यांनी दोन आठवडे दुपारी दोननंतरचा चहा बंद करून वही पाहावी. झोप लागणं आणि झोप चांगली होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमृततुल्यची सवय एकदम तोडली की दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं, म्हणून दर तीन दिवसांनी एक कप कमी करा. जेवणाच्या तासभर आधी-नंतरही चहा टाळलेला बरा, त्यातलं टॅनिन अन्नातलं लोह अडवतं.

आता साखर. या विषयात पुण्याचं नाव जगात घेतलं जातं ते रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्यामुळे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडचे संशोधक जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबीचा, असा आपल्याकडचा बांधा त्या एका चित्रात आला. वजनकाट्यावर समाधानी असलेल्यांनी म्हणूनच कंबर मोजावी: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरून, श्वास सोडल्यावर. पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली की लक्ष द्यायचं.

मधुमेह नसलेल्याने दंडावर सेन्सर लावायची सहसा गरज नसते. तो रक्तातली नव्हे, पेशींभोवतालच्या द्रवातली साखर मोजतो, म्हणून पाच-दहा मिनिटं मागे असतो. आणि रात्री त्याच कुशीवर झोपलं की दाबाने खोटी घसरण दाखवतो. साधा ग्लुकोमीटर पुरतो. चाचणी अशी: तेच जेवण, समजा दोन पोळ्या, भाजी, वरण आणि वाटीभर भात, तीन दिवस जेवून बसून राहायचं, तीन दिवस जेवल्यावर चालायचं, आणि पहिल्या घासापासून एका तासाने व दोन तासांनी मोजायचं. हात साबणाने धुऊन पुसायचे; आंबा किंवा केळं सोलून तसंच बोट टोचलं तर आकडा भलताच चढलेला दिसतो. पहिला थेंब पुसून दुसरा घ्यावा. पट्ट्यांची डबी पावसाळ्यात उघडी राहिली की पट्ट्या बिघडतात. आणि यंत्राला मान्य असलेली चूकच १५ टक्के आहे, तेव्हा १३० आणि १४५ या आकड्यांवरून घरात वाद घालू नये. तीन-तीन दिवसांची सरासरी पाहा. दोन तासांचा आकडा वारंवार १४० च्या वर असेल तर प्रयोग थांबवून प्रयोगशाळेत एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी, करा; लोहाची कमतरता असेल तर तोही आकडा खोटा वाढतो, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा.

चालण्याने फरक पडतो तो असा. स्नायू आकुंचन पावत असताना साखर आत घेणारी दारं पेशीच्या पृष्ठभागावर आपणहून येतात, त्यासाठी इन्सुलिनची चिठ्ठी लागत नाही. आपल्याकडे शतपावली होतीच, फक्त आकडा तोकडा पडतो: शंभर पावलं म्हणजे बेताच्या चालीने एक मिनिट. जेवण संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत १५ मिनिटं, म्हणजे पंधरा शतपावल्या घाला. पानातला क्रमही बदलून पाहण्यासारखा आहे. आपण वरण-भातापासून सुरुवात करतो. आधी कोशिंबीर आणि उसळ, मग पोळी, भात शेवटी असं केलं तर तेच जेवण साखर कमी चढवतं. सणाच्या पंगतीत हे सांगायला जाऊ नये.

दमसास मोजायला पर्वती आहेच. शंभराहून थोड्या जास्त पायऱ्या, चढण कायम तीच, तिकीट नाही. दर रविवारी त्याच वेळी, न थांबता, त्याच लयीत चढा. वर पोचताच नाडी मोजा, मिनिटभर सावकाश फिरा, पुन्हा मोजा. एका मिनिटात नाडी जितकी जास्त खाली येईल तितकं चांगलं. १२ ठोक्यांहूनही कमी उतरत असेल आणि तसंच सलग काही आठवडे दिसलं तर हृदयाची तपासणी करून घ्यावी. छातीत दाब किंवा चक्कर आली तर मोजत बसू नये.

श्वासाचा प्रयोग तर जागेवर बसून होतो. पुण्याहून तासा-दोन तासांवर, लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केलं आणि योगक्रिया चालू असताना शरीरात काय घडतं हे उपकरणं लावून तपासलं. कृती सोपी: नाकाने चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, मिनिटाला सहा श्वास, पाच ते दहा मिनिटं. श्वास घेताना हृदय किंचित जलद चालतं, सोडताना किंचित संथ. रक्तदाब सांभाळणाऱ्या यंत्रणेची स्वतःची लयही साधारण दहा सेकंदांची असल्याने या गतीला दोन्ही हिंदोळे जुळतात आणि नाडीतला चढउतार सगळ्यात मोठा होतो. लोक चुकतात ते इथे: सावकाश याचा अर्थ छाती फुगवून असा घेतात. मोठमोठ्या श्वासांनी कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, ओठ-बोटं झिणझिणतात, गरगरतं, आणि घाबरट माणूस आणखी घाबरतो. श्वास लहानच ठेवा, फक्त लांबवा.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. पुण्यात शाकाहारी माणसांत बी-१२ ची कमतरता खूप सापडते, हेही याज्ञिकांच्याच गटाने दाखवलं. तेव्हा आधी तपासणी, मग गोळी. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी सहसा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यायची असते. ती रोजची समजून घेतली तर रक्तात कॅल्शियम चढतं: उलट्या, बद्धकोष्ठता, गोंधळलेपण, शेवटी मूत्रपिंडाला इजा. सोळा तासांचा उपास करणारा माणूस ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेत असेल तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. वहीतला मनाचा रकाना सलग दोन आठवडे १ किंवा २ वरच अडकला तर उजेड आणि श्वास पुरे झाले, डॉक्टर गाठा. १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारचा टेलिमानस मदत क्रमांक मराठीतही बोलतो. बायपोलर आजार (कधी खोल उदासी, कधी बेफाम उत्साह) असलेल्यांनी तर तेजस्वी दिव्यांचे प्रयोग मानसोपचारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय करूच नयेत, कारण त्याने मन उलट्या टोकाला जाऊ शकतं.

आणि एवढं करूनही बर्फाची हौस उरली असेल, तर थर्मामीटर आणा, १५ अंशांवर थांबा, दोन मिनिटांत बाहेर या. गार पाणी लागताच श्वास अडखळतो, नाडी आणि रक्तदाब उसळतात. पहिलं अर्धं मिनिट सगळ्यात जोखमीचं असतं, म्हणून घरात कुणी नसताना नको, आणि हृदयविकार किंवा बेताबाहेरचा रक्तदाब असेल तर मुळीच नको. ज्यांना वजनं उचलून स्नायू वाढवायचे आहेत त्यांनी व्यायामानंतर लगेच ड्रममध्ये शिरू नये. व्यायामाने स्नायूंना वाढण्याचा जो निरोप दिलेला असतो, तो त्या गारठ्यात दबतो.