स्पोर्ट फुल-फेस हेल्मेट

स्पोर्ट फुल-फेस हेल्मेट म्हणजे कपाळापासून हनुवटीपर्यंत अख्खं डोकं झाकणारं, आणि टाकीवर ओणवं होऊन जोरात बाईक चालवताना नीट बसावं अशा बेताने घडवलेलं हेल्मेट. बाजारात कुठल्याही फुल-फेसवर दोन भडक पट्टे मारले आणि मागे प्लास्टिकचं शेपूट चिकटवलं की त्याला स्पोर्टी म्हणतात, पण खरा फरक ग्राफिक्समध्ये नाहीच, तो बसायच्या पोझिशनमध्ये आहे, आणि ते एकदा लक्षात आलं की बाकीची बरीचशी फीचर्स कशासाठी आहेत ते कळत जातं.

फुल-फेस हा प्रकार तसा उशिरा आला. 1935 मध्ये टी. ई. लॉरेन्स, म्हणजे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', बाईक अपघातात गेला, त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या न्यूरोसर्जनने पुढे हेल्मेटचा विषय लावून धरला आणि 1941 मध्ये त्यावर पेपर लिहिला. आत दबणारा फोम घालून मार शोषून घ्यायची आयडिया 1950च्या दशकात अमेरिकेत सी. एफ. लोम्बार्डने पेटंट केली. तरी रेसर लोक उघड्या तोंडाचं हेल्मेट आणि गॉगल घालूनच पळत होते, मग बेल कंपनीचं 'स्टार' हे फुल-फेस आलं आणि 1968 मध्ये अमेरिकन रेसर डॅन गर्नीने ते फॉर्म्युला वनमध्ये घातलं, त्यानंतर चित्र बदललं.

आता पोझिशन. ओणवं झालं की मान वर उचलून भुवयांच्या खालून पुढे बघावं लागतं, म्हणून स्पोर्ट हेल्मेटची खिडकी वरच्या बाजूला जास्त उंच कापलेली असते, नाहीतर समोर रस्त्याऐवजी हेल्मेटची कडाच दिसते. सरळ बसून चालवणाऱ्याला ही वरची जागा फारशी लागत नाही. मागचा स्पॉयलर, म्हणजे ते शेपूटही, याच पोझिशनला धरून असतो, डोकं खाली असताना हवा कवचावरून नीट सुटावी, मागे भोवरे कमी व्हावेत आणि मान हिसडे खाऊ नये हे त्याचं काम. सरळ बसलात तर तोच स्पॉयलर भलत्या कोनात वारा पकडतो आणि बाजूला वळून बघताना मान ओढली जाते. शिवाय तो पडल्यावर तुटून निघेल असाच बसवलेला हवा, कारण घासत जाताना कुठे अडकला तर डोकं पिळलं जाईल. आराईसारखी जपानी हेल्मेट कंपनी तर याच कारणासाठी कवच होईल तितकं गोल आणि गुळगुळीत ठेवते.

बाहेरचं कवच स्वस्तात एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचं, महागात फायबरग्लास, अ‍ॅरामिड, कार्बन अशा मजबूत तंतूंच्या थरांचं. कार्बन म्हटलं की लोक हरखतात, पण कवचाचं मुख्य काम मार पसरवणं आणि टोकदार वस्तू आत येऊ न देणं एवढंच, वेग खरा जिरवतो तो आतला ईपीएस, म्हणजे थर्माकोलच. तो चिरडतो आणि तेवढ्यात डोक्याला थांबायला काही मिलिमीटर जास्त मिळतात. चांगल्या हेल्मेटमध्ये तो दोनतीन वेगवेगळ्या घनतेचा असतो. एकदा चिरडला की परत फुगत नाही.

टेस्टचे आकडे ऐकून बरेच जण दचकतात. युरोपच्या ईसीई 22.06 या हेल्मेटच्या मानकात मुख्य आपट सेकंदाला 7.5 मीटरची, म्हणजे ताशी फक्त 27 किमी, आणि आतल्या डमी डोक्याला 275 जीपेक्षा (गुरुत्वाकर्षणाच्या 275 पटीपेक्षा) जास्त झटका बसता कामा नये. एवढा कमी वेग कसा? तर बाईक दीडशेने जात असली तरी डोकं रस्त्यावर आपटतं ते वरून खाली, साधारण पडण्याच्या वेगाने, पुढचा वेग घासत जाण्यात जातो. अर्थात समोर खांब आला तर हा हिशोब संपला. 22.06 ने सेकंदाला 6 मीटरची हळू आपटही आणली, कारण फार कडक लायनर, म्हणजे आतलं अस्तर, हलक्या मारात दबतच नाही, आणि 8.2 ची जोरातलीही. शिवाय तिरक्या ऐरणीवर आपटून डोकं किती गरगरतं तेही मोजतात. एमआयपीएससारखी सरकणारी लायनर याच गरगरण्यासाठी. अमेरिकेच्या डॉट या सरकारी मानकात कंपनी स्वतःच हेल्मेट पास असल्याचं जाहीर करते, स्नेल या खासगी संस्थेची टेस्ट ऐच्छिक आहे, आणि मोटोजीपी रेसला 2019 पासून एफआयएम या जागतिक बाईक रेसिंग संघटनेची वेगळी मान्यता लागते.

ईसीईच्या लेबलवर नंबरपुढे पी असेल तर हनुवटीची पट्टीसुद्धा टेस्ट झालेली आहे, एनपी असेल तर ती संरक्षण देणारी मानलेली नाही. घेताना हे बघाच, आणि पट्टीच्या आत बोटाने दाबून ईपीएस आहे की नुसता मऊ स्पंज तेही चाचपा.

खिडकीवरचा पारदर्शक व्हायझर पॉलिकार्बोनेटचा. रेसच्या हेल्मेटला तो वाऱ्याने किंवा पडताना उघडू नये म्हणून लॉक असतो, आणि घाण झाली की फाडून फेकायच्या पातळ फिल्म अडकवायला बाजूला खुंट्या. धुकं धरू नये म्हणून आत पिनलॉकची दुसरी काच, मधे हवेचा थर, सगळ्या फीचर्समध्ये पैसे वसूल करणारं हेच, असं माझं मत. आतून खाली येणारा काळा सनव्हायझर मात्र खऱ्या रेस हेल्मेटमध्ये सहसा नसतो, त्याला जागा करायला कपाळाजवळचा ईपीएस कापावा लागतो.

हवा हनुवटी आणि कपाळाच्या भोकांतून आत येते, ईपीएसमधल्या खाचांतून फिरते आणि मागे जिथे दाब कमी असतो तिथून ओढली जाते. म्हणजे वेग असेल तरच, सिग्नलला उभं राहिलं की सगळे व्हेंट नावालाच. आणि इतकी भोकं म्हणजे आवाजही आला, ताशी 100 किमीच्या पुढे वाऱ्याचा गोंगाट कानाला इजा करण्याइतका असतो, इअरप्लग घाला.

हनुवटीखालच्या पट्ट्याला डबल डी-रिंग, म्हणजे डी आकाराच्या दोन कड्या, त्यात बिघडण्यासारखं काही नाही आणि पट्टा दरवेळी हवा तेवढा ताणून घेता येतो, ग्लोव्हज घालून लावायला वैताग येतो ते वेगळं. गालाच्या पॅडला बऱ्याचदा लाल टॅब असतात, अपघातानंतर मदत करणाऱ्याने ते ओढले की पॅड आधी निघतात आणि मग मान फार न हलवता हेल्मेट काढता येतं.

फिटिंग नवीन असताना गाल दाबले जातील इतकं घट्टच हवं, पॅड नंतर सैल होतात. पण कपाळावर एकाच जागी ठणका लागला तर साइज नाही, डोक्याचा आकार जुळत नाहीये, कोणाचं डोकं गोल, कोणाचं लांबट, तिथे मोठं साइज घेऊन उपयोग नाही, दुसरं मॉडेल बघायचं. साफ करायला पाणी आणि सौम्य साबण बास. पेट्रोल, थिनर, काच पुसायचे अमोनियावाले स्प्रे अजिबात नकोत, पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक तडे जातात आणि ते वरून दिसतीलच असं नाही.