ब्लूस्टोअरवर जाताना डिस्क 'नामंजूर' का होते : पात्रता, कागदपत्रं आणि नेहमीच्या त्रुटी

सेफ (Ceph) म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र करून डेटा साठवणारी प्रणाली. तिच्या क्लस्टरमधली जुनी डिस्क पुसून नव्याने लावायला गेलात की सेफ-व्हॉल्यूम हे तिचं डिस्क तयार करणारं साधन आधी डिस्कची छाननी करतं. इन्व्हेंटरी (डिस्कची यादी) मागवली की समोर येतं 'अव्हेलेबल : फॉल्स' आणि शेजारी नामंजुरीची कारणं. ती कारणं न वाचता माणसं डिस्क बदलून आणतात, म्हणून हे लिहितोय.

कोणाला लागू

ज्यांचे ओएसडी (एकेक डिस्क सांभाळणारी सेफची सेवा) अजून फाइलस्टोअरवर, म्हणजे डेटा साठवण्याच्या जुन्या पद्धतीवर, आहेत त्यांना. ब्लूस्टोअर ही नवी पद्धत. सेफच्या ल्युमिनस आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, नवे ओएसडी आपोआप ब्लूस्टोअरवर होतात; अडकलेत ते त्याआधी उभे केलेले क्लस्टर. इथे मुदतीचा घोळ होतो. २०२२ च्या क्विन्सी आवृत्तीत फाइलस्टोअर 'डेप्रिकेटेड' (यापुढे वापरू नका असं जाहीर) झालं, पण चालत होतं. त्यामुळे 'चालतंय की' म्हणत लोक थेट पुढच्या रीफवर गेले, आणि रीफमध्ये ते काढूनच टाकलंय. अपग्रेड झाल्यावर ते ओएसडी उठत नाहीत. तेव्हा मुदत रीफच्या *आधीची* समजा. आपल्याकडे असे किती शिल्लक आहेत ते ओएसडी काउंट-मेटाडेटा या आज्ञेला ओएसडी-ऑब्जेक्टस्टोअर विचारलं की एका ओळीत कळतं.

जागच्या जागी रूपांतर होत नाही. एकेक ओएसडी 'आउट' करायचा, रिकामा होऊ द्यायचा, पुसायचा, पुन्हा तयार करायचा.

पात्रता

डिस्क कोरी हवी. फाइलस्टोअरच्या डिस्कवर एक्सएफएस ही फाइलसिस्टिम असते आणि सेफ-डिस्क या जुन्या साधनाने पाडलेली जीपीटी पार्टिशनं असतात. म्हणजे 'हॅज अ फाइलसिस्टिम', 'हॅज जीपीटी हेडर्स', 'लॉक्ड' असे शेरे येणारच. डिस्क खराब नाही, नुसती पुसलेली नाही. झॅप (पुसण्याची आज्ञा) करताना 'डिस्ट्रॉय' हा पर्याय जोडा. एलव्हीएम (डिस्कचे आभासी विभाग पाडणारी लिनक्सची व्यवस्था) असेल तर नुसत्या झॅपने व्हॉल्यूम ग्रुप तसाच राहतो आणि अर्ज परत त्याच टेबलावर.

झॅपच 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' म्हणून अडलं, तर एलएसबीएलके (डिस्क आणि त्यांची माउंट दाखवणारी आज्ञा) बघा. बहुधा जुना ओएसडी अजून माउंट असतो, नाहीतर मल्टिपाथने (एका डिस्ककडे अनेक वाटांनी जाणाऱ्या व्यवस्थेने) डिस्क धरून ठेवलेली असते. आधी ते सोडवा, जबरदस्ती नंतर.

आणि डिस्कचं नाव म्हणून लिनक्सने दिलेल्या एसडीसी-एसडीडी अशा नावांवर विसंबू नका. आमच्याच एका सर्व्हरवर रीबूटनंतर ही दोन नावं आपसात बदलली होती. कागदावर लिहिलेलं नाव एक, ट्रेमधली डिस्क दुसरी. सहकाऱ्याचं बोट एंटरवर असताना त्याने सीरियल नंबर पडताळला म्हणून वाचलो. बाय-आयडीची, म्हणजे रीबूटनंतरही न बदलणाऱ्या नावाची, वाट धरा.

कागदपत्रं

बहुतेकांकडे नसतो तो कागद म्हणजे बूटस्ट्रॅप-ओएसडीची कीरिंग (चावीची फाइल). खिशात ॲडमिनची कीरिंग असते, सेफची स्थिती दिसत असते, मग आणखी काय हवं? पण नव्या ओएसडीची नोंदणी सेफ-व्हॉल्यूम बूटस्ट्रॅपच्या नावाने करतं, आणि ती कीरिंग व्हार-लिब-सेफखालच्या बूटस्ट्रॅप-ओएसडी फोल्डरात नसेल तर 'अनेबल टू क्रिएट अ न्यू ओएसडी आयडी' एवढंच सांगून हात वर करतं. कुठली चावी नाही ते वर, लांबलचक मजकुरात दडलेलं. ॲडमिनचे अधिकार असलेल्या नोडवरून ऑथ-गेट या आज्ञेने ती काढून घ्या; पाच मिनिटांचं काम, पण माणसं यात दुपार घालवतात.

दुसरं, ओएसडीचा जुना नंबर. तोच आयडी परत हवा असेल तर ओएसडी 'डिस्ट्रॉय' करा, 'पर्ज' नको. पर्जने नोंदच उडते, मग तो आयडी मागितला की उत्तर येतं : वापरात आहे किंवा अस्तित्वात नाही. दोन्हीपैकी काय, ते तुम्हीच ओळखायचं!

पुसण्याआधीची परवानगी

'ओके-टू-स्टॉप' आणि 'सेफ-टू-डिस्ट्रॉय' (इथला 'सेफ' म्हणजे सुरक्षित) या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. पहिलीचा अर्थ, थोडा वेळ बंद केलात तर काम अडणार नाही. दुसरीचा अर्थ, इथला डेटा दुसरीकडे पूर्ण पोचलाय. पहिलीवर डिस्क पुसणारे मी पाहिलेत. तीन प्रती होत्या म्हणून निभावलं. तेवढ्यात दुसरी डिस्क गेली असती तर एकाच प्रतीवर भिस्त होती. भरलेल्या डिस्कला रिकामं व्हायला तास लागतात, कधी दिवस. लागू द्या.

नुसत्या तपासणीसाठी ओएसडी थांबवत असाल तर नोआउट (ओएसडीला 'आउट' करू नये अशी खूण) लावा. नाहीतर ६०० सेकंदांनी क्लस्टर त्याला स्वतःहून बाहेर काढतो आणि डेटा हलायला लागतो.

जर्नलची एसएसडी

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. एका एसएसडीवर चार-पाच ओएसडींची जर्नलं (फाइलस्टोअर आधी जिथे लिहितं त्या नोंदवह्या) असतात. एका ओएसडीचं काम करताना आख्खी एसएसडी झॅप केलीत तर बाकीचेही गेले. फक्त त्याचंच पार्टिशन घ्या.

तेच पार्टिशन ब्लॉक-डीबी (ब्लूस्टोअरच्या मेटाडेटाची वेगळी, वेगवान जागा) म्हणून द्यायचा मोह होतो. पार्टयूयूआयडी (पार्टिशनचा ओळख क्रमांक) नसेल तर ते नाकारलं जातं, आणि असलं तरी जर्नल डीफॉल्टनुसार ५ जीबीचं. ४ टीबीच्या डिस्कला ब्लॉक-डीबीसाठी दोन टक्के धरले तरी ८० जीबी होतात. कमी दिलंत तर थोड्याच दिवसांत ब्लूएफएस-स्पिलओव्हरचा इशारा येतो आणि मेटाडेटा संथ डिस्कवर सांडतो. एसएसडीवर तेवढी जागा नसेल तर ब्लॉक-डीबी वेगळा देऊच नका.

बाकी तयार करण्याची आज्ञा एका ओळीची. सगळे पीजी (क्लस्टरमधल्या डेटाचे गट) ॲक्टिव्ह-क्लीन दिसेपर्यंत पुढच्या डिस्कला हात लावू नका, आणि नोआउट लावला असेल तर काढा. रॅमचा हिशोबही आधी करा : ब्लूस्टोअर दर ओएसडीला ४ जीबीचं लक्ष्य धरतं, म्हणजे बारा डिस्कच्या सर्व्हरला ४८ जीबी.