चार थेंब पडले की लाइट का जाते?

मे संपत आला की वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत सगळीकडे हेच ऐकू येतं, आभाळ नुसतं भुरभुरलं तरी लाइट गेली, आणि पुढचं वाक्य ठरलेलं, "मुद्दाम बंद करतात ते." नाही हो, कुणी मुद्दाम करत नाही. खरं कारण खांबावरच्या इन्सुलेटरवर बसलंय, आणि ते समजलं तर आपण योग्य ती मागणी तरी करू.

इन्सुलेटर म्हणजे तार आणि लोखंडी आर्म यांच्यामधली ती तपकिरी चिनीमातीची वस्तू. ऑक्टोबरनंतर पाऊस नाही, दुपारी खारे वारे सुटतात, फुटणाऱ्या लाटांचे बारीक तुषार आत येतात, पाणी उडून जातं आणि मीठ इन्सुलेटरवर राहतं, असं सात महिने. सुकं मीठ वीज नेत नाही, तोवर सगळं ठीक. पण मीठ हवेतलं पाणी ओढतं. खायचं मीठ साधारण 75 टक्के आर्द्रतेला ओलं होतं, समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईड पण असतं आणि ते 33 टक्क्यांच्या आसपासच पाणी धरायला लागतं. म्हणजे पाऊस नको, पहाटेचं दंव पुरतं. इन्सुलेटरवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर तयार, आणि त्यातून थोडा थोडा करंट आर्मकडे गळायला लागतो.

आता खरी गंमत. या करंटने थर तापतो, आणि जिथे इन्सुलेटर अरुंद तिथे करंट दाटीने जातो म्हणून तिथलं पाणी आधी सुकतं. एक बारीक कोरडा पट्टा पडतो. बाकी सगळं ओलं, म्हणजे वीज वाहणारं, त्यामुळे जवळजवळ सगळा व्होल्टेज त्या एकट्या पट्ट्यावर येतो. 11 केव्हीच्या (एक केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) लाइनमध्ये तार आणि जमीन यांच्यात 6.35 केव्ही असतात, एसी म्हणजे सतत वरखाली होणारी वीज असल्यामुळे शिखराला 9. हवा एका मिलिमीटरला साधारण 3 केव्हीत फुटते, म्हणजे दोन मिलिमीटरचा पट्टा असेल तर 6 लाच ठिणगी. ती विझते, पट्टा सरकतो, परत पेटते. मीठ फार असेल तर ओल्या भागाचा रोध इतका कमी होतो की ठिणगी विझतच नाही, लांबत जाऊन थेट आर्मला भिडते, मोठा आवाज, फीडर ट्रिप, म्हणजे सबस्टेशनमधून गावांकडे येणारी ती लाइन आपोआप बंद. तिठ्यावरच्या खांबावर रात्री निळा उजेड दिसला की देवचार फिरतो म्हणतात ना, तो हाच कोरडा पट्टा. नारळ ठेवून तो जाणार नाही, मीठ धुवायला लागेल.

धो धो पाऊस मीठ धुऊन टाकतो, म्हणून जुलैतलं कारण वेगळं, बहुतेक वेळा फांद्या.

उपाय काय? एक म्हणजे पृष्ठभागावरून तारेपासून आर्मपर्यंतचं अंतर वाढवायचं, त्याला क्रीपेज म्हणतात. स्वच्छ हवेच्या भागात एका केव्हीला 16 मिलिमीटर चालतं, खूप खारट किनाऱ्यावर 31 लागतं. आणि दुसरा, माझा आवडता, सिलिकॉन रबरचा पॉलिमर इन्सुलेटर. चिनीमातीवर पाणी पसरतं, सिलिकॉनवर अळवावरच्या पाण्यासारखं थेंब थेंब राहतं, सलग थरच होत नाही. मीठ बसलं तर? रबरमधले सिलिकॉनचे लहान रेणू हळूहळू वर झिरपतात आणि त्या मिठाच्या थरालाच वेढतात, मग मीठही पाणी झटकायला लागतं! सतत भिजत राहिलं तर हा गुण कमी होतो, कोरडे तास मिळाले की परत येतो. ठिणग्या खाऊन हे रबर पण झिजतं, त्यामुळे एकदा लावलं की विसरलं असं चालत नाही.

2020 च्या 3 जूनला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर "सगळ्या तारा जमिनीखाली घाला" हे जोरात सुरू झालं. गावठाणात आणि बाजारात घालायलाच हव्यात. पण जांभ्यात चर खणणं महाग, आणि केबल आत नेमकी कुठे बिघडली ते शोधायला वेळ लागतो, वाडीवाडीपर्यंत ते लवकर होणार नाही. त्यापेक्षा समुद्राला लागून असलेल्या टप्प्यातले इन्सुलेटर बदला, बाकीचे मे महिन्यात लाइन बंद ठेवून धुवा. बहुतेक फीडर एकाच टोकाकडून वीज घेतात, खाडीकडचा एक इन्सुलेटर गेला की वरच्या सगळ्या वाड्या अंधारात, आणि वायरमन बिचारा रात्री बॅटरी घेऊन खांब खांब बघत फिरतो, त्यात चिनीमातीतली बारीक चीर खालून दिसत पण नाही.

त्याला मदत करायची तर पहाटे एखाद्या खांबावर चरचर आवाज आला की लांबूनच खांबाचा नंबर बघा आणि 1912 ला कळवा, दंव होतं की पाऊस तेही सांगा. खांबाला हात लावू नका, खांबाला आधार देणाऱ्या ताणाच्या तारेलाही नाही.