महाराष्ट्रात केस, राहायला बेळगावात: ट्रान्झिट बेलचा अर्ज कुठं अडकतो

भारतातून कुणाला परदेशाच्या ताब्यात द्यायचं तर १९६२ च्या प्रत्यर्पण कायद्याखाली आधी मॅजिस्ट्रेटपुढं चौकशी होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडच्या पोलिसांना बेळगावातून माणूस न्यायला तसलं काही लागत नाही, अटक केली, इथल्या मॅजिस्ट्रेटकडून ट्रान्झिट रिमांड, म्हणजे तिकडं न्यायची परवानगी, घेतला की गाडी निघाली. म्हणून ट्रान्झिट अटकपूर्व जामीन, म्हणजे तिकडच्या कोर्टात जाईपर्यंत इथल्या कोर्टानं दिलेला थोड्या दिवसांचा जामीन, अटकेच्या आधीच मागायचा, नंतर हा अर्ज चालत नाही.

गुन्हा अजामीनपात्र असावा, अटकेची खरी भीती असावी आणि घर, नोकरी किंवा धंदा इथं असावा. जामिनासाठी म्हणून पाहुण्यांकडं येऊन राहिलेला माणूस कोर्टाला कळतो. अर्ज इथल्या सेशन्स कोर्टात किंवा कर्नाटक हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात.

आता गोम. दुसऱ्या राज्यातल्या एफआयआरवरही थोड्या दिवसांचा जामीन देता येतो, हे सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२३ मध्ये सांगितलं, पण तिकडच्या कोर्टात लगेच का जाता येत नाही हे अर्जदारानं पटवायचं. आपल्याकडं नेमकं इथंच फसतं, कारण कोल्हापूर दोन-अडीच तासांवर. "खोटी केस आहे साहेब" एवढंच लिहून भागत नाही. जिवाला धोका, आजारपण, बाळंतीण बाई, जे असेल ते कागदासकट लावा.

आधार, रेशन कार्ड सगळ्यांकडं असतं, नसते ती एफआयआरची कॉपी. महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर बघा, पण संवेदनशील गुन्ह्यांची तिथं टाकत नाहीत. तपास अधिकारी आणि तिकडच्या सरकारी वकिलांना नोटीस जाते, म्हणून ठाणं आणि गुन्हा नंबर बरोबर हवा. आणि मराठी एफआयआरचं भाषांतर जोडा, आपण मराठीत वाचतो म्हणून कोर्टानंही वाचावं असं नसतं!

खानापूरकडचे एक काका पंधरा दिवसांच्या ट्रान्झिट बेलची ऑर्डर प्लास्टिकच्या पिशवीत घालून आले, दिवस सर्टिफाइड कॉपी हातात पडली त्या दिवसापासून मोजत होते. मुदत ऑर्डरच्या तारखेपासून संपत आलेली, दोनच दिवस उरलेले. तेवढ्यात कोल्हापूरला जाऊन रेग्युलर अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाकायचा होता, आणि ते मात्र केस मिटली म्हणून पेढे वाटून बसलेले.

एवढं करूनही उचललंच, तर अटकेची कारणं लेखी मागा, तुम्हाला समजणाऱ्या भाषेत. कानडी कागदावर न वाचता सही करू नका, घरच्यांना कळवायला सांगा आणि मॅजिस्ट्रेटपुढं उभं केल्यावर हे सगळं तोंडानं बोला, गप्प राहू नका.