म्हातारा निवडुंग

म्हातारा निवडुंग (सेफॅलोसेरियस सेनिलिस; कुल कॅक्टेसी) हा मेक्सिकोतील हिदाल्गो व व्हेराक्रूझ राज्यांतल्या कोरड्या दऱ्यांमध्ये वाढणारा, खांबासारखा सरळ निवडुंग आहे. अंगभर लोंबणाऱ्या पांढऱ्या केसांमुळे तिकडे त्याला ‘कबेसा दे व्हिएहो’, म्हणजे म्हाताऱ्याचे डोके, म्हणतात. चुनखडीच्या उतारांवर तो १० मीटरांहून उंच होतो. फुले कित्येक मीटर उंची गाठल्यावरच येतात. ती रात्री उमलतात आणि वटवाघळे त्यांचे परागण करतात. घरातल्या कुंडीत त्यांची वाट पाहू नये. हे झाड त्याच्या केसांसाठीच पाळायचे.

केस हे काट्यांचेच बदललेले रूप. कडक ऊन आणि थंडी यांपासून ते खोडाला जपतात. त्यांच्याआड खरे, टोकदार पिवळसर काटेही असतात, त्यामुळे कुरवाळायला गेलेला हात हमखास टोचतो.

रोज काही तास थेट ऊन मिळेल अशी खिडकी त्याला हवी. ऊन कमी पडले की शेंडा बारीक होतो आणि केस विरळ येतात. मातीत निम्म्याहून अधिक जाड वाळू, बारीक खडी किंवा विटांचे तुकडे असावेत. कुंडी मातीची आणि तळाला भोक असलेली उत्तम. माती आतपर्यंत सुकल्यावरच पाणी द्यावे, तेही बुडाशी; केसांवर ओतू नये. हिवाळ्यात कुंडी जवळजवळ कोरडी ठेवावी. मुंबई-कोकणात मात्र थंडीपेक्षा पावसाळ्याची धास्ती जास्त. जून ते सप्टेंबर झाड छपराखाली, वारा खेळेल अशा जागी ठेवावे आणि पाण्याला हात आखडावा.

या झाडाचे दुखणे केसांत लपते, हीच त्याच्या निगेतली खरी अडचण. कापसासारखा पिठ्या ढेकूण पांढऱ्या केसांत दिसतच नाही आणि बुडाची कूज लक्षात येते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून दर पंधरवड्याला केस बाजूला सारून खोड पाहावे, बुंधा काडीने हलकेच दाबावा. ढेकूण दिसल्यास स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपून काढावेत.

धुळीने मळलेले केस सौम्य साबणाच्या पाण्याने, मऊ ब्रशने धुता येतात. त्यासाठी कोरड्या हवेची उन्हाची सकाळ निवडावी आणि माती प्लास्टिकने झाकावी. जुन्या झाडाचे खालचे केस वयानुसार करडे होऊन गळतात. तो रोग नव्हे.

विकत घेताना बियांपासून वाढवलेलेच रोप मागावे. रानातली झाडे उपटून विकल्याने या जातीचे फार नुकसान झाले आहे.